सलाइनच्या आधीची सुई

"सलाइन लावणार आहात ना? मग ही आणखी एक सुई कशाला?"

केमोच्या खोलीत मी आईजवळ बसले होते. कुरकुरत होते ते शेजारच्या खुर्चीतले निवृत्त बसड्रायव्हर. स्टुलावर त्यांचे जुने कंडक्टर.

"आजोबा, ही उलटी होऊ नये म्हणून. आधी ही, मग केमो," सिस्टर म्हणाल्या.

"घे रे उस्ताद. आपल्या वेळी घाटात ही सुई असती, तर रोज गाडी धुवायची वाचली असती."

"धुवायचो मी. तू नुसता लिंबू वाटत हिंडायचास."

"आणि तू आरशात बघून ओरडायचास, 'डोकं बाहेर काढा!'"

"त्या चिमुरडीनं कुठं ऐकलं? माझ्या कोऱ्या युनिफॉर्मवरच ओकली. तिची आई बिचारी रडायलाच लागली."

"तू झऱ्यावर शर्ट धुतलास आणि बनियनवर गाडी हाकलीस. सगळी गाडी हसत होती, ती पोरगीसुद्धा. काय दिवस होते, लेका!"

"होते खरे."

"आता हात पुढं कर. उलट्या सोसत नाहीत म्हणून दोन खेपा बुडवल्यास. वहिनी विनवून विनवून थकल्या."

"सिस्टर, खरंच होणार नाही उलटी?"

"बहुतेकांना नाही होत, आजोबा. फार तर थोडं मळमळेल."

"मग पुढच्या वेळी घरी काय सांगू?"

"म्हणजे?"

"उलटीचं निमित्त होतं रे, मास्तर. या खुर्चीत बसलं की मला मरायची भीती वाटते."