चारच्या शेजारचं घर

नीन्के : नाही म्हटलं ना, आजोबा! मी इथंच बाकावर बसणार, आत येणार नाही. स्केटिंग मंडळानं माझं बक्षीस हिस्केला दिलंय.

आजोबा : एका साखरपावासाठी एवढा थयथयाट? आजी घरी भाजून देईल की.

नीन्के : पाव कुणाला हवाय! मला पहिला नंबर हवाय. इतक्या वर्षांनी कालवा गोठला, इतक्या वर्षांनी शर्यत झाली, आणि मीच जिंकले होते. फळ्यावर लिहिलंय. दोघींचे एकतीस सेकंद, आणि दशांशचिन्हाच्या स्वल्पविरामापुढे माझे चार, तिचे अडतीस. केवढे जास्त लागले तिला!

आजोबा : आणि म्हणून तू गावासमोर तिला चोर म्हणालीस.

नीन्के : तिचे बाबा मंडळाचे अध्यक्ष आहेत.

आजोबा : नीन्के!

नीन्के : ...रडली का ती?

आजोबा : पाव पोटाशी धरून रडतेय. स्वतः खात नाही, कुणाला देत नाही. कालपर्यंत एका मफलरमध्ये दोघी फिरत होतात, आणि आज हे. हातमोजे चढव आधी, नाकाचं गाजर झालंय तुझ्या. आणि सांग, एका सेकंदाचे सारखे दहा तुकडे केले, तर एकेक तुकडा म्हणजे काय?

नीन्के : दशांश. शाळेत झालंय.

आजोबा : झालंय, पण मुरलं नाही. स्वल्पविरामाच्या पुढचं पहिलं घर दशांशांचं. तिथं तुझे चार बसलेत. हिस्केचं कोण बसलंय?

नीन्के : अडतीस.

आजोबा : एका घरात एकच आकडा मावतो, बाळा.

नीन्के : मग... तीन. आठ पलीकडच्या घरात.

आजोबा : ते घर शतांशांचं. दशांशाच्या एका तुकड्याचे पुन्हा दहा तुकडे, त्यातले आठ.

नीन्के : म्हणजे चुराच की.

आजोबा : चुराच. तिचा चुरा मोजायचा, तर तुझाही करायला हवा. चार दशांशांचे शतांश किती?

नीन्के : चाळीस. चाळीस आणि... आजोबा! माझेच जास्त आहेत. मी हरले.

आजोबा : दोन शतांशांनी. तेवढ्या वेळात तू बर्फावर जेमतेम अर्धी वीत सरकतेस.

नीन्के : अर्ध्या वितीसाठी मी तिला चोर म्हटलं?

आजोबा : हो, माझे आई. आता जा, तिला भेट.

नीन्के : थांबा. तिचे आठ शतांश घड्याळात दिसले होते?

आजोबा : दिसले तर. मंडळाचं नवं घड्याळ आहे.

नीन्के : आणि माझ्या चाळीसमधलं शून्य?

आजोबा : हिस्के आधीच्या जोडीत धावली; तुझी जोडी आली तेव्हा थंडीनं त्याच्या बॅटरीनं मान टाकली. म्हणून मी माझं काट्याचं काढलं. ते दशांशापाशीच थांबतं.

नीन्के : म्हणजे शून्य कुणी पाहिलंच नाही.

आजोबा : ...नाही.

नीन्के : मग तिथं शून्य नाहीये, आजोबा. ते घर रिकामं आहे. काटा चारच्या जरा अलीकडे असेल, तर माझे छत्तीससुद्धा असतील.

आजोबा : किंवा त्रेचाळीस. अरे देवा! जन्म गेला माझा शर्यतींच्या वेळा मोजण्यात, आणि हे माझ्या टाळक्यात आलं नाही. शाबास गं पोरी! चल, आत्ताच्या आत्ता अध्यक्षांना सांगतो.

नीन्के : तुम्ही नका जाऊ. आधी मला जाऊ दे.

आजोबा : का गं?

नीन्के : तुम्ही आधी सांगितलंत, तर तिला वाटेल, मी नंबर परत घ्यायलाच आले.

(हिस्के दारातून बाहेर येते. पाव तसाच काखेत.)

हिस्के : घे हा. चोराचं बक्षीस मला नको.

नीन्के : हिस्के, मी फळा चुकीचा वाचला. फार वाईट बोलले. मला माफ कर.

हिस्के : सगळे ऐकत होते.

नीन्के : मग सगळ्यांसमोर पुन्हा सांगते. तुझ्या बाबांनाही.

हिस्के : म्हणजे मी खरंच जिंकले ना?

नीन्के : ते आता कुणालाच सांगता येणार नाही. आजोबा समजावतील. पण तू चोर नाहीस, हे मला पक्कं माहीत आहे.

हिस्के : ...सरक मग. मलाही बसायचंय.