मागं बघायचं न्हाई

(कडा गावच्या साखर कारखान्याकडं निघालेला ट्रॅक्टर, मागं उसाच्या दोन ट्रॉल्या. अजिनाथ चालवतोय. बायको मंगल शेजारी मडगार्डवर बसलीय.)

अजिनाथ : मंगल, आदळलं काय तरी. चाकाखाली कुणी आलं का?

मंगल : खड्डा होता.

अजिनाथ : मागं बघून सांग की.

मंगल : खड्डा म्हणाले तेच चुकलं माझं. बीडच्या डॉक्टरबाईंनी काय सांगितलंय?

अजिनाथ : एकदाच सांग. पुन्हा न्हाई इचारत.

मंगल : गेला हंगामभर ‘एकदाच, एकदाच’ करत माझी मान मोडली. मी ‘कुणी न्हाई’ म्हणलं की तुमाला पुढच्या वळणापुरतं बरं वाटायचं. वळण आलं की पुन्हा तेच. बाई म्हणल्या, त्या शंकेला तुमीच खाऊ घालून पोसताय.

अजिनाथ : बाईला कुठं ट्रॉल्या वढायच्यात? आरशात बघावं तर नुसता ऊस. खाली माणूस आलं तर कळायचं कसं?

मंगल : त्या दुसऱ्या ट्रॅक्टरवरच्या बंकटला तरी दुसरं काय दिसतं?

अजिनाथ : त्यो मोठ्यानं गाणी लावून चालवतो.

मंगल : म्हणून मी त्याच्या ट्रॅक्टरवर बसत न्हाई.

अजिनाथ : आज माघारी फिरलो तर मुकादम चावी त्यालाच देणार हाय. तोंडावर सांगितलंय.

मंगल : ठाऊक हाय. मागं तुमी भर रस्त्यात ट्रॉल्या सोडून नुसतं ट्रॅक्टरचं मुंडकं घेऊन मागं गेलता, तवा राखणीला मीच होते. एक म्हातारी शेळ्या घेऊन आली. म्हणली, पोरी, ट्रॅक्टर मोकळाच मागं का गेला? म्हणलं, मालक रस्ता बघाय गेलेत. म्हणली, रस्त्याला काय झालंय? आत्ता त्याच रस्त्यानं आले न्हवं मी?

अजिनाथ : हसू नको.

मंगल : तिच्या शेळ्यांनी आपलं उसाचं हिरवं वाढं खाल्लं, अन् तुमी येऊन तिलाच इचारलं, मावशी, शेळ्या सगळ्या हायत ना?

अजिनाथ : लोक येडा म्हणतेत मला.

मंगल : म्हणू द्या. एवढं भ्याव पोटात घेऊन रोज स्टेरिंग धरता तुमी. बंकटला भ्यावच न्हाई, त्याचं काय कौतुक करायचं?

अजिनाथ : ...पुढं शाळेपाशी गतिरोधक हाय.

मंगल : हाय.

अजिनाथ : मागचं एकेक चाक आदळतं, अन् मला एकेक माणूस वाटतं.

मंगल : वाटू द्या. मी हितंच हाय.

अजिनाथ : इचारलं तरी सांगू नको.

मंगल : बरं.

अजिनाथ : आदळलं.

मंगल : हं.

अजिनाथ : पुन्हा आदळलं. मंगल, बोल काय तरी. दुसरं.

मंगल : रातच्याला कालवण काय करू?

अजिनाथ : ...पिठलं.

मंगल : कालबी पिठलंच केलतं.

अजिनाथ : मग इचारतीस कशाला?

मंगल : तुमी ‘बोल’ म्हणला म्हणून. स्टेरिंग जरा सैल धरा. हां, असं.

अजिनाथ : शाळा गेली का मागं?

मंगल : कवाच गेली. त्यो बघा, धूर दिसाय लागला कारखान्याचा.

अजिनाथ : थांबू का हितं?

मंगल : थांबा, आपला नंबर हितनंच लागतोय. इंजिन बंद करू नका, लाइन सरकतीय.

अजिनाथ : न फिरता आलो गं.

मंगल : आला.

अजिनाथ : एक सांगू? शाळेपाशी तू मागं बघितलंस. मी पाह्यलं.

मंगल : बघितलं. मला न्हाई राहवलं. तुमाला राहवलं.

अजिनाथ : मग? काय दिसलं?

मंगल : ते न्हाई सांगणार. पुढचा सरकला, घ्या पुढं.