शंखाच्या बंगल्यात वहिनींचा कंदील

चहा घेता घेता ऐका. दुसरं महायुद्ध संपलं आणि आमचे भागीदार बाबूराव पलूसला घर बांधायला निघाले. मुंबईत म्हणे झाडापानांसारखी घरं निघाली होती, म्हणून दिवाळीत त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, घेऊन आम्ही ती बघत हिंडलो. एक घर कमळासारखं, एक लाटेसारखं. शेवटी शंखासारखा बंगला दिसला आणि बाबूराव पाघळले. "ठरलं! आपलं घर असंच!"

बंगला दाखवायला मालक स्वतः आले. "आत कोपरा नाही, खिडकी नाही. शंखाला कुठं खिडकी असते?"

खरंच आहे. शंखातल्या किड्यानं उकाड्याची तक्रार केल्याचं मीही ऐकलेलं नाही.

वहिनी मात्र उंबऱ्यावरच थांबल्या. त्यांचं माहेर हरिपूरचं, हळदीच्या पेवांचं. जमिनीतल्या त्या गोल, चिंचोळ्या तोंडाच्या खड्ड्यात हवा कोंडते, म्हणून माणसाआधी पेटता कंदील आत सोडतात. विझला, तर कुणी उतरत नाही.

"आवं, जरा कंदील द्या," वहिनी मालकांना म्हणाल्या.

"बाई, आत विजेचे दिवे आहेत."

"असू द्यात की. आत माणूस जगतंय का, ते बघायचंय."

बाबूराव ओशाळले. "अगं, बंगला हाय ह्यो, पेव न्हाई!"

मालकांनी इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कंदील राहू द्या, बाई. आम्हीसुद्धा मागच्या पत्र्याच्या खोलीत राहतो."

घर चौकोनी बांधायचं, हे बाबूरावांनी तिथंच कबूल केलं. पलूस येईपर्यंत वहिनींनी खिडक्या सोळावर नेल्या.