पावाची कड

सून: आबा, फळीवरचा एक पाव द्या.

आबा: नाही देणार.

सून: बेकरीवाला पावाला नाही म्हणतो, हे आजच ऐकतेय.

आबा: तुला हवा असेल तर दोन घे. ठिणगीसाठी हवा असेल, तर पाव संपलाय.

सून: संपलाय? मागे अख्खी फळी भरलीय.

आबा: तो गिऱ्हाइकांचा. माझ्या नातीला पाव चालत नाही.

सून: वा! गेल्या महिन्यापर्यंत समोरच्या न्हाव्याला काय ऐकवत होतात? “सूनबाईनं नवं खूळ काढलंय. बेकरीवाल्याच्या नातीला म्हणे पाव बाधतो!” न्हावी हसून हसून गिऱ्हाइकाचा कान कापणार होता.

आबा: म्हणालो होतो. मग? म्हाताऱ्यानं मत बदलायचं नाही?

सून: बदला की. पण मी पाव बंद केला तेव्हा तुम्ही द्या म्हणत होतात, आणि आता मी मागतेय तर नाही म्हणता. मी पूर्वेला तोंड केलं की तुम्हाला पश्चिमच दिसते.

आबा: मला पोरगी दिसते. आधी या पिठाच्या पोत्यावर नुसती बसून असायची. हातपाय काड्या, पोट मडक्यासारखं, दोन जिने चढली की दम. पाव सुटला आणि आता त्याच पोत्यांवरून उड्या मारते. काल तर एक पोतं फोडलं. हातच्या काकणाला आरसा कशाला?

सून: लागतो आरसा. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं. सीलिअॅक नावाचं दुखणं असेल तर गव्हानं आतड्याला आतून इजा होते. त्याची खूण रक्तात सापडते, पण पोर गहू खात असेल तेव्हाच. खाणं सुटलं की खूण पुसत जाते, आणि तपासणी खोटंच सांगते, सगळं ठीक म्हणून. मी आधी पाव बंद केला आणि मग दवाखान्यात गेले. मोठ्या ऐटीत सांगितलं त्यांना, “बघा, मीच शोधून काढलं.” त्या म्हणाल्या, शोधलंत बरोबर, पण घाई केलीत.

आबा: खूण पुसली तर बरंच झालं.

सून: खूण पुसलीय, दुखणं नाही.

आबा: म्हणून बरी झालेली पोर पुन्हा आजारी पाडायची? रोज पाव चारून? काही आठवडे?

सून: हो. थोडा थोडा, त्यांच्या नजरेखाली. फार त्रास झाला तर लगेच फोन करायचा, त्या दुसरा मार्ग काढतील.

आबा: तू आई आहेस की...

सून: करा, वाक्य पुरं करा.

आबा: नाही करत.

सून: मग मी करते. वैरीण! तुमचा मुलगाही काल गाडी धुता धुता तेच म्हणाला, तेही माझ्याकडे पाठ फिरवून. तुमच्यात निदान समोर बघायची हिंमत आहे.

आबा: तपासणीचा कागद कशाला पाहिजे तुला? आम्ही मानलं ना आता.

सून: तुम्ही मानलंत. शाळेतल्या बाई? त्या म्हणतात, “एका बिस्किटानं काय होतंय?” शेजारीण म्हणते, “एका घासानं काय होतंय?” हे वाक्य मला शिवीसारखं लागतं हो! सीलिअॅक असेल तर एक घाससुद्धा नाही, जन्मभर नाही. आणि नसेल, दुसरंच काही असेल, तर औषध वेगळं, पथ्य वेगळं. मी अंदाजानं पोरीचं तोंड जन्मभर बांधू? माझं कुणी ऐकत नाही. कान सोनारानंच टोचावे लागतात.

आबा: मी सांगतो सगळ्यांना. बघू कोण देतं तिला बिस्कीट!

सून: किती वर्षं सांगाल?

आबा: माझ्या मरणाचं काढू नकोस.

सून: काढते. उद्या ती मोठी होईल, लांब कुठेतरी नोकरी करेल. तिथे सांगायचं काय तिनं? “आमच्या आबांना तसं वाटायचं”?

आबा: बरं. आणि तपासणी हो म्हणाली तर?

सून: तर पाव कायमचा बंद.

आबा: तेवढंच? डॉक्टरीणबाईंनी विचारलं असेलच, राहता कुठे म्हणून.

सून: विचारलं. म्हटलं, भट्टीच्या वरच्या खोल्यांत.

आबा: मग?

सून: म्हणाल्या, तसं निघालं तर पीठ उडतं तिथे तिला ठेवू नका. उडालेलं पीठ नाकातोंडात जातं, तिथून पोटात.

आबा: बघ.

सून: अच्छा! म्हणून पाव संपला होय? मला वाटलं, नातीच्या पोटाची काळजी.

आबा: आहेच! पण तिची आजी गेल्यापासून या भट्टीपाशी माझ्याशी बोलायला कोण येतं? तुझा नवरा? तो हूं म्हणतो आणि गाडी काढतो. ही एकटी येते. पहिला पाव कापला की कड तिची, असं ठरलेलं आमचं. आता ती कड मीच खातो. घशाखाली उतरत नाही माझ्या. निदान पोरगी समोर तरी असते. कागद आला की तू तिला घेऊन जाशील.

सून: हो, जाईन.

आबा: तोंडावर सांगतेस?

सून: मग काय पाठीमागून सांगू? मागच्या गल्लीत खोली बघून ठेवलीय. तुम्हीही चला. भट्टी इथे राहू दे, तुम्ही तिकडे राहा. येताना आंघोळ करायची, कपडे बदलायचे.

आबा: माझ्या नातीला भेटायला मी आंघोळ करून जायचं?

सून: डोक्यावरून.

आबा: मी याच पिठात वाढलो!

सून: आणि तिनं याच पिठात झुरायचं? मी असताना नाही.

(ठिणगी पोत्यांमागून बाहेर येते. केसांत पीठ.)

ठिणगी: तुम्ही एवढे ओरडताय की दारातली बाई पाव न घेताच परत गेली.

सून: तू पुन्हा तिथे घुसलीस? झटक ते केस. नको, नको, झटकू नकोस!

ठिणगी: आई, माझं पोट खरंच दुखायचं, हे कागदावर लिहून येतं?

सून: का दुखायचं, ते कळेल.

ठिणगी: म्हणजे मी नाटक करत नव्हते, हे पण?

सून: नाटक कोण म्हणालं तुला?

ठिणगी: बाई. बाबा. आबा पण.

आबा: मी एखाद्या वेळी म्हणालो असेन.

ठिणगी: रोज म्हणायचास. कामचुकार पोट, म्हणायचास.

सून: बोला आता.

आबा: काय बोलू? चुकलं माझं.

ठिणगी: मग मी खाणार.

आबा: दुखेल गं, राणी.

ठिणगी: मला काय सांगतोस? माझंच पोट आहे. पण दुखलं की मी मोठ्यानं सांगणार. वर्गातसुद्धा. गप्प बस म्हणायचं नाही कुणी.

सून: कुणी म्हणून तर बघू दे!

ठिणगी: आणि कागद मीच वाचून दाखवणार. आधी बाईंना.

आबा: आणि कागद नाही म्हणाला तर?

सून: तर पुढे शोधायचं. पोर दुखतं म्हणते ना? मग दुखतं. तिथून मी मागे हटणार नाही.

ठिणगी: आबा, तो फळीवरचा नको मला.

आबा: का? त्याला काय झालं?

ठिणगी: सकाळचा आहे तो. आता खाईन ते माझे शेवटचेच पाव असतील ना? मग चांगले भाज.

आबा: ...भट्टी अजून निवली नाही. पीठ मळतो.

सून: सरका, मी मळते.

आबा: तू पुढे दुकानात बस. हे काम माझं आहे. आणि ती खोली... खिडकी आहे का तिला?

सून: आहे. आपलं धुराडं दिसतं तिथून.

आबा: हं. ठिणगे, तू दारापाशी जा. अजून लांब. पीठ उडेल.

ठिणगी: पण इथून मला काहीच दिसत नाही!

आबा: नसू दे दिसत. कड तुझीच आहे.