फोटोतला सहावा

फोटोवाला : अहो काका, तो फोटो तुमचा नाही. तुमचा फळ्यावर खालच्या रांगेत लावलाय, डावीकडून तिसरा.

शिंपीकाका : तो पाहिला. त्यात मी एकटाच उभा आहे.

फोटोवाला : बोटीवर आलात एकटेच! मी दुसरा माणूस कुठून आणू?

शिंपीकाका : म्हणून तर हा वरचा मागतोय. यात मीही आहे की, कठड्यापाशी, अगदी उजवीकडे.

फोटोवाला : ते पाच जणांचं कुटुंब आहे. तुम्ही मधेच आलात.

शिंपीकाका : मी आपला सरबत आणायला चाललो होतो. तुम्ही ‘हसा’ म्हणालात, मीही हसलो. बघा तरी, किती छान हसलोय! नाहीतर तो खालचा. दाढ दुखत असल्यासारखं तोंड.

फोटोवाला : पण दुसऱ्यांचा फोटो हवाय कशाला?

शिंपीकाका : पुतणीला पाठवायचाय. निघताना भावाचं सगळं घर मागे लागलं होतं, या वयात एकटे कुठे निघालात, कंटाळाल. मी म्हटलं, चाळीस वर्षं लोकांच्या लग्नाचे कोट शिवले, आता एक स्वतःला शिवतो आणि फिरून येतो. मोठ्या ऐटीत निघालो. काल पुतणी फोनवर विचारते, कोणी भेटलं का? म्हटलं, भेटलं म्हणजे काय! एका कुटुंबानं तर मला घरचाच करून टाकलंय. झालं, लगेच फोटो मागितला.

फोटोवाला : कशाला मारायची थाप?

शिंपीकाका : मग काय सांगू? पाच दिवस झाले. जेवायला बसलो की कोणीतरी येतं, ‘ही खुर्ची रिकामी आहे ना?’ म्हणतं आणि घेऊन जातं. दिवसभरात माझ्याशी तेवढंच बोलणं. फार एकटं वाटतंय हो. पण हे घरी कळलं तर म्हणतील, सांगत नव्हतो?

फोटोवाला : बरं, देतो एक प्रत... थांबा, त्याच आल्या.

बाई : आमचे फोटो झाले? अगंबाई, हा छान आलाय! सासूबाईंचे डोळे चक्क उघडे आहेत. पण हा कोटवाला कोण मधेच घुसलाय?

फोटोवाला : ताई, ते... हे इथेच उभे आहेत.

बाई : अय्या! सॉरी हं काका, ओळखलंच नाही. राग मानू नका, पण घरचा फोटो आहे ना, भिंतीवर लावायचाय. उजवीकडचं जरा कापून द्याल?

शिंपीकाका : कापा, कापा. मुलाच्या बाहीला लागून सरळ उतरा, कळणारसुद्धा नाही.

बाई : थँक्यू हं. कोट मात्र झकास आहे तुमचा! येते, संध्याकाळी नेईन.

फोटोवाला : गेल्या. हा घ्या काका, न कापलेला. आता रद्दीतच जाणार.

शिंपीकाका : नको. मघाशी खुशाल घेतला असता. आता त्यात मी घुसलेलाच दिसतोय.

फोटोवाला : मग पुतणीला?

शिंपीकाका : द्या माझा तो खालचा.

फोटोवाला : दाढदुखीचा? छे! नवीन काढू. या असे, उजेडात. हसू नका मुद्दाम. अस्तर कुठलं लावलंय कोटाला?

शिंपीकाका : अस्तर? अहो, त्याची एक गंमतच आहे. दुकानात एका नवरदेवाचं उरलेलं निळं रेशीम होतं, आणि तो नवरदेव...

फोटोवाला : झाला!

शिंपीकाका : काढलातसुद्धा? बघू... अरे वा. पुतणीला सांगेन, बोटीवर एकजण ओळखीचा झालाय, त्यानं काढला. तसं सांगितलं तर चालेल ना तुम्हाला?