महिपतला दिसलेला हैबती

आवडी : महिपतच्या डोक्यात तुमी घातलंत, तुमीच काढा.

कुंटे : आवडीबाई, तो काय पायात गेलेला काटा आहे, चिमट्यानं उपटायला? तिसऱ्यांदा सांगतोय मी.

(पोलादपूरच्या धर्मशाळेची ओसरी, गुरुवार सकाळ. डॉ. कुंटे पुण्याला कॉलेजात मानसशास्त्र शिकवतात. आठ दिवस वरच्या वाडीत मोहनिद्रेचे प्रयोग करून झाले, वळकटी बांधून झाली, महाडच्या एस.टी.ला तास आहे. तेवढा एक तास कुणी येऊ नये, इतकंच त्यांचं देवाकडे मागणं होतं. देव मानत नसल्यानं की काय, ते ऐकलं गेलं नाही.)

आवडी : एकटी नाय आले. महिपतलाबी आणलाय. ये रे वर. मुंबईला मिलात हायस, रजेवर आलायस, म्हणून वहाणा घालून चढू नको.

महिपत : राम राम, डॉक्टर. आपण बोललो वैनीला, खालीपिली कशाला तरास देते त्यांना. पण ऐकते कोण.

कुंटे : बस. आणि बाई, तुम्ही मुळापासून सांगा. तुमचा दुसऱ्या लग्नाचा पाट मोडला आणि खापर माझ्यावर फुटलं, एवढंच मला कळलंय.

आवडी : मोडला नाय, पंचांनी अडवलाय. माझा नवरा हैबती छपन्न साली मुंबईला गोदीत गेला, तो गेलाच. सा वर्षं ना कागद, ना निरोप. गोदीत इचारून झालं, गाववाल्यांच्या खोल्या पालथ्या घालून झाल्या. मंग पंच बसले, सासू हो बोलली, आन् तुडीलच्या सदूसंगं माझा पाट ठरला. उद्याच्याला. आन् मंगळवारी तुमी देवळात ह्याला झोपवलात, तर ह्यो बोलला हैबती जित्ता हाय.

कुंटे : मी झोपवला तो माझ्या कामासाठी. मोहनिद्रेत मागचं किती आठवतं, हे बघायला. शाळेत मास्तर कोण होते, दिवाळीला काय खाल्लं, असले माझे प्रश्न. हैबती कोण, मला ठाऊकसुद्धा नव्हतं. तुमच्या सासूबाई मध्येच उठल्या, याच्या कपाळाला अंगारा फासला आणि विचारलं, माझा हैबती कुठं हाय.

आवडी : इचारणारच की. डोळं मिटून माणूस डुलाया लागला म्हंजे त्याला देवाचं वारं आलं. वारं आलं की अंगारा लावायचा आन् ज्याचं जे अडलंय ते इचारायचं. पोरासोरांना ठाव हाय आमच्याकडं.

कुंटे : अहो, वारं नव्हतं ते. आकडे मोजायला लावून निजवला होता मी त्याला.

महिपत : वीसपर्यंत.

कुंटे : तू गप्प बस. नाही, तूच बोल. हैबती कुठं दिसला तुला?

महिपत : लालबागला, आमच्या मिलच्या गेटावर. एकदम क्लियर. निळा सदरा, उजवा पाय जरा फरपटत व्हता. आपण हाक मारली, तो वळला, आन् मधी ट्राम आली.

कुंटे : मंगळवारच्या आधी हे कुणाला सांगितलंस?

महिपत : नाय.

कुंटे : का?

महिपत : आठवतच नव्हतं ना. तुमीच आठवण काढून दिलीत. उपकार हायेत तुमचे.

कुंटे : घ्या. दहा वर्षं मी हेच ओरडतोय. झोपेतला माणूस आतून काही खणून काढत नाही हो. समोरच्याला जे हवं असतं ते तो बनवून देतो, आणि जागा झाला की स्वतःच ते खरं धरून बसतो. लबाडी नसते त्यात, म्हणून तर पंचाईत. विद्यापीठातल्या शहाण्यांना हे पटत नाही, तिथं तुमचे पंच.

आवडी : मला पटवू नका. त्याला पटवा.

कुंटे : बोलून पटत नसतं. बरं, बघू. महिपत, लहानपणी दासगावच्या बंदरावर तुझी टोपी पाण्यात पडली होती. आठवतंय?

महिपत : तर. लाल गोंड्याची. भरती व्हती. आज्यानं तिथंच मुस्काडलं मला.

आवडी : कुणाच्या आज्यानं?

महिपत : माझ्या.

आवडी : तुझा आजा तुझ्या बापाच्या लग्नाआधीच गेला रे. सगळ्या वाडीला ठाव हाय.

कुंटे : टोपीही नव्हती. सोमवारी झोपेत मीच सांगितलं त्याला, टोपी पडली, बस, तेवढंच. ही बघा वही. गोंडा, भरती, आजोबा, सगळं त्याच्या पदरचं.

महिपत : मंग मला मारलं कुणी?

आवडी : कुणी नाय मारलं, बाबा.

महिपत : गाल दुखला व्हता, वैनी. आन् हैबतीदादा? ती ट्राम?

कुंटे : तेही तसंच. बहुधा.

आवडी : बहुधा म्हंजे काय? आता तुमीबी अर्धवट बोला.

कुंटे : म्हणजे हैबती जिवंत आहे की नाही, मला ठाऊक नाही. महिपतलाही नाही. सोमवारी तुम्हाला जेवढं ठाऊक होतं तेवढंच आज आहे. मंगळवारनं त्यात काडीची भर घातलेली नाही.

आवडी : तेवढंच पुरं हाय मला. चला वर. पंच बसल्यात, तुडीलची माणसं सांजच्याला उत्तर मागतायत. त्यांच्याम्होरं हेच बोला.

कुंटे : मी? माझी एस.टी. आहे. कागदावर लिहून देतो.

आवडी : कागद वाचतंय कोण वाडीत? सायेब, एक सांगा. सासूनं इचारलं तवा तुमी हातभर लांब व्हतात. अडवलं का नाय तिला?

कुंटे : मी लिहीत होतो.

आवडी : काय?

कुंटे : हा काय उत्तर देतो ते. असला प्रश्न मला विचारता आला नसता. कुणाच्याच तोंडून तो निघायचा नाही प्रयोगात. म्हटलं, बघू तरी.

आवडी : माझा संसार बसायच्या आधी मोडत व्हता, आन् तुमी बघत बसलात.

कुंटे : चुकलं माझं. शब्दानं थांबवता आलं असतं, नाही थांबवलं.

आवडी : हेबी पंचांम्होरं बोला. सा वर्षं मी ना सवाशीण, ना रांडमुंड. हळदीकुंकवाला बोलवायचं का नाय, बायांना कळत नाय, मला कळत नाय. लाज सोडून सांगते, मला सदूकडं जायचंय. वाडीत दुसऱ्याचं घर शाकारायला आला व्हता, जाताना सासूच्या पडवीचंबी शाकारून गेला. कुणी सांगितलं नव्हतं त्याला.

कुंटे : महिपत, वळकटी उचल. चढ किती आहे?

महिपत : आमच्या पायानं दीड तास. तुमच्या पायानं अडीच धरा.

कुंटे : पंचांना सांगेन. पण तिथं तुमच्या सासू बनुबाईही असतील.

आवडी : असणारच. तिचाच ल्योक.

कुंटे : कशा आहेत?

आवडी : मंगळवारी दोनदा भात मागून घेतला तिनं. सा वर्षांत पहिल्यांदा. कालपास्नं ह्याला धा वेळा इचारलं असंल, सदरा निळाच व्हता ना रे.

महिपत : मी हो म्हणतो.

कुंटे : आता काय म्हणशील?

महिपत : ते कळत नाय, डॉक्टर. खोटा हाय हे समजलं. पण दिसतो अजून. वळून बघतो माझ्याकडं.

कुंटे : दिसेल. ते मला काढता येत नाही, हेच मघापासून सांगतोय. आवडीबाई, निदान त्या म्हातारीला तुम्ही सांगा. माझ्यानं नाही व्हायचं.

आवडी : माझ्या तोंडून आलं तर ती म्हणंल, सुनेला घाई झाली. तुमीच सांगा. हाय तसं सांगा.

कुंटे : लगेच?

आवडी : नको. आधी तिला जेवू द्या.