पहाटे पाच वाजून दोन मिनिटं

राहुरीच्या मोबाईल दुकानात माझा नंबर कवाच आल्ता, पन पुढची म्हातारी हटंना. डोकंच फिरलं माझं.

"इम्रान, बाळा, ह्यांच्या आवाजातली बुद्धवंदना तेवढी वाचव. बाकीची गानी गेली तरी चालतील."

"मावशी, जुनं सॉफ्टवेअर तुमचा प्लेअर ओळखतच न्हवतं. नवीन टाकलं. ही बघा, आली वंदना."

"पुसली न्हाई ना?"

"न्हाई ओ. उलट नवीन लई हुशार हाय. कवा वाजली ते बी दावतंय. रोज पहाटे पाचला लावता व्हय?"

"ते लावायचे. ते जाऊन आठ महिने झालं. तवापास्नं पेटीत कुलपात हुता."

"मग घरात दुसरं कोन हाय?"

"मी एकलीच. चावी माझ्याच गळ्यात आसती. का रं?"

"आज पहाटेचं दावतंय. पाच वाजून दोन मिनिटं. काल बी, परवा बी."

"चार्जिंग तर केलंच न्हाई मी."

"सॉफ्टवेअर चुकत आसंल, मावशी. काढून टाकू का?"

"नको, ऱ्हाऊ दे. बंद पेटीत त्यांना नीट ऐकू येत नसंल. आजपास्नं उशाला ठिवते."